एक टक्क्याची सवलत

"मला काय कळतंय मॅडम, ह्यायला इचारा."

आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींना तुम्ही काहीही विचारा, उत्तर हेच. डाळ भिजली का, तेल संपलं का, इतकंच काय, कोणता गुडघा दुखतोय म्हटलं तरी हेच. आता गुडघ्याचं नवऱ्याला काय विचारायचं? पण मावशींच्या जिभेला तसं वळणच पडलं होतं.

मावशी मूळच्या कुरुंद्याच्या. नवरा शेळ्या पाळायचा. वसमतला दोन पत्र्याच्या खोल्या घ्यायचं ठरलं तेव्हा बऱ्याच शेळ्या विकल्या, मावशींच्या मानधनातली शिल्लकही गेली. घर मुलाच्या नावावर होणार होतं. रजिस्ट्रीला कोणी शिकलेलं सोबत हवं म्हणून मलाही ओढलं.

मुद्रांक शुल्क, नोंदणी फी ऐकता ऐकता नवऱ्याचं तोंड उतरत गेलं. "घर आमी घेऊन राहिलो, मंग सरकारला काहून द्यायचं?" दस्त लिहिणाऱ्याला हा प्रश्न रोजचाच असणार. तो कंटाळून म्हणाला, "बाईच्या नावावर घ्या, एक टक्का सवलत आहे."

झालं! नवऱ्यानं तिथल्या तिथे बेत फिरवला. "हिचंच नाव टाका. घर तं आपलंच हाय."

मावशींना कॅमेऱ्यासमोर बसवलं, अंगठा घेतला. "घर तुम्हीच घेताय ना?" साहेबांनी विचारलं, तर मावशी नवऱ्याकडे बघायला लागल्या. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं.

नगरपालिकेत नाव लावायला गेल्यावर कळलं, जुन्या मालकानं कित्येक वर्षं घरपट्टीच भरलेली नव्हती. घर घेण्याआधी ते बघावं लागतं, हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं. सवलतीत वाचलेले पैसे त्यात गेलेच, वर आणखी भरायचे होते. नवरा म्हणाला, "तुह्या नावावर हाय ना? मंग तूच भर."

मावशींनी भरले. सकाळी शाळेची चूल, दुपारून हळदीच्या कामावर मजुरी. "सवलत ह्यायची न् थकबाकी माही," एवढंच एकदा बोलल्या. हसल्यासुद्धा नाहीत.

मग पोराला पुण्यात फ्लॅट घ्यायचा होता. गिऱ्हाईक ठरवून तो बापाला घेऊन थेट शाळेत आला. मावशी पातेलं घासत होत्या. घर विकायचंय, फक्त अंगठा दे, असं पोरगं म्हणालं.

"न्हाई इकायचं."

"तुला काय कळतंय?" नवरा ओरडला.

मावशींनी हात थांबवला नाही. "टॅक्स वाचवायला माहं नाव चाललं ना? मंग ऱ्हायलाबी चालंल."

पोरगं तसंच निघून गेलं, परत आलं नाही. नवरा गावाकडे शेळ्यांपाशीच राहू लागला. जिंकल्याचं काही मावशींच्या तोंडावर मला कधी दिसलं नाही. बाई फार दमली होती, मला एवढंच दिसायचं.

मागच्या वर्षी गुडघ्यांनी हात टेकले आणि मावशींनी काम सोडलं. एका दुपारी भेटायला गेले, तर फरशीवर आडव्या झाल्या होत्या. उठायला लागल्या तशी मीच दाबून निजवलं. थोडं बोलणं झालं. निघताना म्हणाल्या, "मॅडम, दार ओढून घ्या. कुणी इचारलं तं सांगा, जिचं घर हाय ती निजली हाय."

मी दार ओढून घेतलं. बाहेर विचारणारं कुणीच नव्हतं.