प्रधानसाहेबांचं पांढरं तेल

बेलपाड्याचा काशीराम कुणावर पटकन विश्वास ठेवत नसे. रॉकेलची बाटलीसुद्धा तो उन्हात धरून, हुंगून मगच घरी न्यायचा. १९६४ साली तो पनवेलच्या एका कारखान्यात वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम साच्यात दाबणारं यंत्र चालवत होता. यंत्राला जोर यायचा तो नळ्यांतून फिरणाऱ्या तेलाचा. शिमग्याच्या सुमारास त्यातली एक नळी फुटली, फवारा भट्टीवर उडाला आणि भडका झाला. शेजारी उभ्या असलेल्या शिवाचे, काशीरामच्या मेव्हण्याचे, दोन्ही हात भाजले. तेव्हापासून यंत्र बंद होतं.

आता प्रयोगशाळेतले कमळाकर प्रधान पिंपात काहीतरी घुसळत बसायचे. काशीरामने दाराआडून पाहिलं. तेल, साबणासारखा लगदा आणि वरून चक्क पाणी! सगळं दुधासारखं पांढरं.

"तुझ्या भावाचं हात गेलं," घरी येऊन तो बायकोला, भामाला म्हणाला, "आन् ह्ये आता तेलात पानी घालतात!"

"उगाच कुनावर आळ नका घेऊ."

"मग बग."

डबीतून आणलेलं तेल त्याने पणतीत ओतलं. वात तडतडली, फुसफुसली, विझली. पुन्हा लावली, पुन्हा तेच.

सकाळी कारखान्यात ती पणती घेऊन तो सगळ्यांसमोर उभा राहिला. "साहेब, ह्या तेलावर दिवा लागत नाय. भेसळ हाय!"

"नाही लागला?" प्रधान खुर्चीतून उठलेच. "अरे, लागू नये म्हणूनच तर ही खटपट! नळी फुटली तरी त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि तेल जाळ धरत नाही."

त्यांनी पेटत्या बोळ्यावर पिचकारी मारून दाखवली. भडका उडाला नाही. कामगार कुजबुजले. काशीराम हलला नाही.

"पिचकारीचा जोर आन् यंत्राचा जोर येकच हाय का?"

"नाही," प्रधान हळूच म्हणाले.

"भट्टीवर करून बगितलंय?"

"अजून नाही."

"मंग आज शिवाच्या जागी तुमी उभं ऱ्हावा. मी यंत्राचा दांडा वडतो."

प्रधानांनी ते पांढरं तेल यंत्रात भरवलं आणि भट्टीकडे पाहिलं. चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि नळीसमोर जाऊन उभे राहिले.

काशीरामचा हात दांड्यावर तसाच थांबला.

"जरा बाजूला सरा, साहेब," तो म्हणाला. "नळीच्या तोंडाशी नगं."

मग त्याने दांडा ओढला. यंत्र घरघरलं. दिवसभर त्याची नजर नळीवरून हलली नाही.