खीर घट्ट झाली तो दिवस

काल संध्याकाळचं सगळं अजून अंगात आहे. सकाळी भाकरी थापताना तोंडावर हसू येत होतं. सासूबाई म्हणाल्या, तव्याकडं पाहून कोण हसते? आता त्या शेतात गेल्या आहेत. घरात कोणी नाही, म्हणून लिहून ठेवते. बोलून सांगायचं म्हटलं तर माझ्याच्यानं होणार नाही.

आमचं गाव उंद्रीच्या बाजूला, पुण्याहून रातभर गाडीत बसलं की येतं. आमच्या वस्तीत पावसाळ्याचे तीन महिने विहारात रोज संध्याकाळी धम्माच्या ग्रंथाचं वाचन असतं. रोज एका घराचा नंबर लागतो. ज्या घराचा नंबर, त्या घरानं खीर करून न्यायची आणि त्याच घरच्या माणसानं त्या दिवशीचा भाग वाचायचा. वाचन संपलं की खीर वाटतात. आमच्या घरचं वाचन दरवर्षी आमचे हे करायचे. यंदा ते पुण्याला एका कंपनीच्या गेटवर कामाला लागले. सुटी मिळणार नव्हती.

विहाराचं सगळं पाहणारे एक म्हातारे गुरुजी आहेत. ते घरी येऊन सासूबाईंना म्हणाले, तुमच्या घरचं दुसरं कोणी वाचून देईल, काळजी करू नका. सासूबाई शाळेत एक दिवसही गेलेल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "दुसरं काऊन? माई सून चौथी शिकेल हाय."

मी स्वयंपाकघरात होते. तिथंच खाली बसले.

चौथीनंतरची शाळा दुसऱ्या गावात होती, म्हणून माझं शिक्षण तिथंच थांबलं. पण चौथीत मी धडा मोठ्यानं वाचायचे आणि बाई मला मधे थांबवायच्या नाहीत. हे मी लग्नानंतर कोणाला सांगितलं नव्हतं. चार माणसांत मला साधं नाव विचारलं तरी पदर तोंडाला जातो. तरी खरं लिहिते, गुरुजी गेल्यावर भीती वाटली तशीच मनात एक उकळीही फुटली. मला वाचायचं होतं. आमच्या घराचा भाग माझ्या आवाजात वाचायचा होता.

घरातल्या भगवंतांच्या फोटोखाली ग्रंथ असतो. गुरुजी हो म्हणाले होते आणि जाताना आमचा भाग दाखवून गेले होते. दुपारी तो घेऊन बसले आणि दोन ओळी झाल्या नाहीत तोच डोळे ओळीवरून उठून गेले. मोबाईल वाजला नव्हता, पण मला वाटलं वाजला. उचलला. साड्या पाहिल्या. एक सासू-सुनेचं भांडण पाहिलं, एक रांगोळी पाहिली, एकीनं वांग्याचं भरीत केलं ते पाहिलं. परत ग्रंथाकडं आले तेव्हा ऊन भिंतीवरून उतरलं होतं.

हा मोबाईल यांनी पुण्याला जाताना घेऊन दिला. तोंड दिसावं म्हणून. यांचं तोंड रात्री थोडा वेळ दिसायचं, बाकी दिवसभर दुसऱ्यांची तोंडं. भाकर तव्यावर आणि अंगठा मोबाईलवर. विहारातसुद्धा मी मागं, चपला काढतात तिथं बसायचे आणि पदराखाली आवाज बंद करून पाहायचे. मोबाईल नव्हता तेव्हाही मन घरच्या कामात असायचं; दरवर्षी वाचन ऐकलं, घरी यांच्या तयारीतही कितीदा ऐकलं, पण गेल्या वर्षी काय ऐकलं ते विचारलं तर सांगता येणार नाही.

मग मी एक युक्ती केली. ग्रंथाचं वाचन मोबाईलवरही असतं. ते ऐकून पाठ करावं, म्हणजे अडखळायला नको. लावलं. वाचणाऱ्याचा आवाज छान होता. पण खाली दुसरं काहीतरी दिसलं, त्याला बोट लागलं, त्याच्या खालून तिसरं निघालं. असं दोन-चार दिवस गेले. पाठ काहीच झालं नाही.

एकदा सासूबाई समोर तांदूळ निवडत होत्या आणि मी वाचायचा प्रयत्न करत होते. त्या माझ्या हाताकडं पाहत राहिल्या. म्हणाल्या, "पान काऊन ढकलून राह्यली व?"

मी पाहिलं. माझा अंगठा कागदावर खालून वर सरकत होता. ओळ संपायच्या आत. पान काही वर जात नव्हतं आणि अंगठा काही थांबत नव्हता.

मला इतकं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. सासूबाईंना समजलं नाही, पण त्याही हसल्या. हसता हसताच मी मोबाईल उचलला आणि त्यांच्या हातात दिला. म्हटलं, आत्याबाई, वाचन होईपर्यंत हा तुमच्यापाशी ठेवा. मी मागितला तरी देऊ नका.

त्यांनी तो नऊवारीच्या ओच्यात खोचला आणि तो त्यांच्याबरोबर गावभर फिरू लागला. तण निंदायला गेल्या तर सोयाबीनच्या तासात, दोन ओळींच्या मधे, वाजायचा. यांचा फोन आला की त्या कानाला लावायच्या. हे म्हणायचे, आई, मला तुझा कान दिसून राह्यला. त्या म्हणायच्या, मंग कानाशीच बोल.

पहिले काही दिवस वाईट गेले. हात सारखा चुलीजवळच्या कोनाड्याकडं जायचा, तिथं मोबाईल असायचा. रिकाम्या कोनाड्यात हात घालून परत काढायचा. शेवटी मी तिथं ग्रंथच ठेवला. आता हात गेला की ग्रंथ हाती यायचा. आला की एक ओळ वाचायची. भात शिजेपर्यंत दोन ओळी. जोडाक्षरं आली की बोटाखाली धरून फोडायची. सासूबाई ऐकायच्या. त्यांना अक्षर येत नाही, पण इतकी वर्षं ऐकलेलं कानात आहे. मी एखादी ओळ सोडली की लगेच म्हणायच्या, "मधातलं खाल्लं तू." मी परत मागं जायचे.

आणि एक दिवस काय झालं, वाचता वाचता वरण उतू गेलं आणि मला कळलंच नाही. वरण सांडलं म्हणून इतका आनंद मला कधी झाला नव्हता. इतका वेळ माझं मन एका जागी बसलं होतं!

काल आमचा नंबर होता. पांढरं पातळ नेसले. खिरीचं पातेलं सासूबाईंनी डोक्यावर घेतलं, मला घेऊ दिलं नाही, तुझे हात ग्रंथ धरायला लागतीन म्हणाल्या. विहार भरलेला. वंदना झाली, पंचशील झालं आणि गुरुजींनी ग्रंथ माझ्यासमोर ठेवला. जिथं थांबायचं त्या पानात ते अगरबत्तीच्या पुड्याचा तुकडा खोचतात. मी चपलांजवळून उठून पुढं बसले होते. तिथून सगळ्यांची तोंडं दिसतात हे मला माहीतच नव्हतं.

पहिली ओळ कोणालाच ऐकू गेली नाही. मागून कोणीतरी म्हणालं, मोठ्यानं व बाई. दुसरी ओळ माझी मलाच ऐकू आली. तिसऱ्या ओळीला चौथीतला आवाज आला. तोच, जरा जाड झालेला.

मग मला विहार दिसेना. ओळच दिसत होती. आमच्या भागाच्या शेवटी एक आई मेलेलं लेकरू घेऊन भगवंतांकडं येते आणि त्याच्यासाठी औषध मागते. तिला काय उत्तर मिळतं ते पुढच्या पानावर होतं. घरी मी पुढचं पान उघडलं नव्हतं, आमचा भाग नव्हता म्हणून. पण काल तिथं आले तेव्हा मला राहवेना. मी पान उलटलं. अगरबत्तीचा तुकडा मांडीवर पडला. मी वाचतच गेले. तयारी केलेली नव्हती, अडखळत होते, फोडून वाचत होते, पण थांबत नव्हते. ती आई मूठभर मोहरीसाठी घरोघर जाते तिथं बायकांच्या रांगेत कोणीतरी नाक ओढलं.  मी वाचत राहिले.

धडा संपला तेव्हा मान वर केली. गुरुजी माझ्याकडं पाहत होते.  सासूबाई पातेल्याचं झाकण उघडून पाहत होत्या. खीर घट्ट होऊन गेली होती.

आज ज्यांचा नंबर आहे ती माझी चुलत जाऊ पुढंच बसली होती. ती म्हणाली, "जाऊबाई, आमच्या घरचंबी तूच वाचून टाकलं. आता उद्या आमी काय वाचाव?"

मला घाम फुटला. आजवर असं कोणी केलं नव्हतं. दुसऱ्याच्या घरचा भाग खाणं म्हणजे काय!  विहारातल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. मला जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं. गुरुजींना मी कसंबसं विचारलं, तुम्ही मला थांबवलं काऊन नाही? ते म्हणाले, मीही ऐकत होतो.

मग जाऊ पुढं सरकली आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. म्हणाली, "आमचे हे वाचतात तं मले झोप येते. तुया वाचण्यानं आली नाई. उद्या खीर माई आन् वाचणं तुयं."

गुरुजींनी मान हलवली. सासूबाई घट्ट खिरीत दूध ओतत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही, पण पळीभर खीर जास्तच वाढली मला.

म्हणून आज परत वाचायचं आहे. आजची पानं मी पाहिलेली नाहीत आणि संध्याकाळ व्हायला वेळ आहे. मघाशी कोनाड्यातून ग्रंथ काढला, एक पान झालं. काल भीती जास्त होती, आज घाई जास्त आहे.

सासूबाई बांधावरून येताना दिसत आहेत. त्यांच्या ओच्यात मोबाईल वाजतोय. त्यांनी काढून कानाला लावला. इथपर्यंत ऐकू येतंय, यांना सांगत आहेत, "घडीभरानं लाव फोन. सून वाचून राह्यली."