वहिनीचा दुसरा पेपर

सांगलीहून भाच्याचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात घरी मेथी निवडत बसले होते. "आत्या, आई गेली. दुपारचा चहा घेतला, कप खाली ठेवला आणि..." मी खूप रडले. पण आता महिना उलटून गेलाय, आणि वहिनीची आठवण आली की मला हसूच येतं. तिला स्वतःलाही ते आवडलं असतं.

ती आमच्याकडे आली तेव्हा दुसऱ्या महायुद्धाची शेवटची वर्षं चालू होती. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, पलटणीत होता. लग्न करून पंधरा दिवसांत तो परत गेला, आणि कोरेगावाजवळच्या आमच्या घरात उरलो आई, मी आणि ही सांगलीची बी.ए. झालेली सून. आमच्या भावकीत बी.ए. सोडा, सातवी झालेली मीच एकटी. वहिनीला शिक्षिका व्हायचं होतं. त्यासाठी बी.टी., म्हणजे आताचं बी.एड., करायचं, आणि त्या कॉलेजात प्रवेश मिळवायचा तर आधी एक परीक्षा द्यायची. ती सांगलीला माहेरी जाऊन पेपर देऊन आली. काही आठवड्यांनी निकालाचं पाकीट आलं... शंभरात एकतीस.

दोन दिवस तिच्या हातून भाकऱ्या करपल्या. तिसऱ्या दिवशी आईनं तिला समोर बसवून विचारलं, "काय आलं न्हाई ते सांग मला."

"येत सगळं होतं, आत्याबाई. सहा प्रश्न होते. पहिल्याचंच उत्तर लिहीत बसले, दीड तास गेला. शेवटच्या तिन्हींना हातच लागला नाही."

"म्हंजी येत हुतं, पर येळ पुरला न्हाई?" आईचा चेहरा एकदम खुलला. "मग रडतीस कशाला? येळंचा बंदोबस्त करू की!"

पण त्याआधी दादाचा बंदोबस्त करावा लागला. निकाल कळल्यावर त्याचं पत्र आलं : एकदा करून पाहिलं, आता पुरे, तिनं घर सांभाळावं. वहिनीनं पत्र वाचून दाखवलं आणि घडी घालून चुलीपुढं जाऊन बसली. आईनं मला दौत-टाक घ्यायला लावलं. "लिही. सून हुशार हाय. आन् फौजंत भरती झाल्यावर तुजा नेम किती डाव चुकला, ते आधी कळीव." मी घाबरत घाबरत शब्द न् शब्द लिहिला. दोन महिने आम्ही पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून होतो. उत्तर आलं ते एका ओळीचं : 'आईस सा. न., परीक्षेस बसू द्यावे.'

मग सुरू झाली आईची शाळा. घरात दादानं आणलेलं गजराचं घड्याळ होतं. आईला ते वाचता येत नसे, म्हणून मी अर्ध्या अर्ध्या तासाचा गजर लावून द्यायची. जेवणं उरकली की वहिनी लिहायला बसे आणि समोर शेंगा फोडत आई. गजर झाला की आई कागद ओढून घ्यायची, मग वाक्य अर्धं राहो नाहीतर अक्षर.

"आवं आत्याबाई, एकच ओळ राहिलीय!"

"न्हाई. फुडला सवाल घे. तिथला मास्तर काय तुजा मामा हाय व्हय थांबायला?"

पहिले काही दिवस वहिनी चिडायची. एकदा तर तिनं कागद सोडलाच नाही. दोघी ओढत राहिल्या, कागद मधोमध फाटला आणि दोघीही हसत खाली बसल्या. पुढं आईच्या मनात आलं की परीक्षेत शेजारीपाजारी काय गप्प बसणार? म्हणून तिनं मला वहिनीच्या शेजारी मिरच्या कांडायला बसवलं. वहिनी शिंकत, डोळे पुसत लिहीत राहिली. त्या दिवशी पहिल्यांदा सहाच्या सहा प्रश्न वेळेत झाले! आईनं लगेच गूळ-खोबरं काढलं.

दुसऱ्या खेपेला आई स्वतः सांगलीला गेली, मलाही नेलं. तीन तास आम्ही शाळेच्या फाटकाबाहेर कडुलिंबाखाली बसलो. आईनं पाण्याचा घोट घेतला नाही. वहिनी बाहेर आली ती जवळजवळ पळतच. "आत्याबाई, पाच मिनिटं उरली!" आईनं तिच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "मग बसून काय केलंस पाच मिन्टं?"

एकाहत्तर मार्क मिळाले. वहिनीनं पुढं जन्मभर सांगलीत मुली शिकवल्या आणि फार चांगल्या शिकवल्या, पण ते तिच्या विद्यार्थिनी माझ्यापेक्षा जास्त सांगू शकतील. मला दिसतं ते कोरेगावचं स्टेशन. वहिनी ट्रंक घेऊन बी.टी.ला निघालेली, खिडकीतून हात हलवतेय. गाडी हलली तसा आईनं पदर डोळ्यांना लावला. शेजारी टोपली घेऊन उभी असलेली बाई हळहळली, "लेक सासरी निघाली जणू?"

"लेक न्हाई, सून हाय," आई डोळे पुसत, मान ताठ करून म्हणाली. "आन् सासरी न्हाई, कालेजात!"