निफाडच्या शेडमधले पैलवान

कोंबड्यांच्या शेडमध्ये किस्से गोळा करावे लागत नाहीत. खाली अंथरलेल्या तुसासारखे पायाला चिकटून घरापर्यंत येतात! मी शाळेत चारच बुकं शिकलो, पण पक्षी मला कळतात. निदान तसं वाटायचं.

कंपनी पिल्लं देते, आम्ही वाढवतो. मागच्या दोन बॅचमध्ये मर फार झाली, पक्षी पटापट गेले. कंपनीचे सुपरवायझर साहेब बजावून गेले, "बाबा, या वेळी पक्षी मेले किंवा लंगडले, तर पुढं पिल्लं बंद!"

मी जिद्दीला पेटलो. भांडी खाद्यानं काठोकाठ. पक्षी असे टरारले की बघत राहावं! विंचूरचे व्यापारी सलीमभाई आले. मी त्यांना सगळ्यात दणकट कोंबडा दाखवला. "बघा, पैलवान!"

पैलवानानं दोनदा पंख झाडले, उताणा पडला, खलास!

सलीमभाई दोन पावलं मागं सरले. "चाचा, खुदा कसम, मी हात पण नाही लावला!"

मला वाटलं, कोणी विष घातलं. शेजाऱ्याचं नाव तोंडावर आलं होतं. जनावरांच्या डॉक्टरांनी कोंबडा फाडून बघितला. गळ्याची पिशवी दाण्यानं गच्च.

"बाबा, विष नाही. खाऊन खाऊन गेला. अंग भराभर वाढलं, हृदय मागं राहिलं. पाय पण त्यामुळंच वाकतात. खाणं कमी करा."

"म्हणजे मीच मारला?"

"लाड करून!"

आता दुपारी चार तास भांडी दोरीनं वर ओढायची. भरल्या ताटावरून मी कधी कोणाला उठवलं नव्हतं, हात चालेना. शेवटी बायकोनं दोरी ओढली. "व्हा बाजूला! नातवाला घास भरवताय काय?"

पक्षी बसून राहू नयेत म्हणून ती शेडमधून चकरा मारी. गुडघेदुखीसाठी तिलाही चालायला सांगितलं होतं. शेजारीण विचारी, "एकटीच चालता?" ही म्हणे, "नाय बाई, आम्ही तीन हजार जणी हाय!"

मर थांबली. पुढची पिल्लं मिळणार का, त्या निकालाच्या दिवशी साहेब आले ते नेमके भर दुपारी. भांडी वर टांगलेली, पक्षी उपाशी. मी दारात उभा.

"लंगडे किती, मीच बघतो," म्हणत साहेब एकटे आत शिरले. वाटेतली खाद्याची बादली बाजूला सारायला त्यांनी उचलली मात्र!

तीन हजार पक्षी उठले. साहेब पुढं, पक्षी मागं! शेडला एक पूर्ण चक्कर झाली. साहेबांनी बादली फेकली आणि दार गाठलं.

बुटात तूस, डोक्यावर पीस. मी विचारलं, "साहेब, पुढची पिल्लं?"

धापा टाकत साहेब म्हणाले, "सोमवारी पाठवतो. पण बघायला दुसरा माणूस येईल!"