लगामाचा जीन आणि आम्ही तिघी

आमच्या लॅबमध्ये रिझल्ट यायला महिने लागतात, किस्से मात्र रोज डबा उघडायच्या आत तयार! रिसर्च पेपरात त्यांना जागा नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

आम्ही तिघी: मॅडम, पीएचडी करणारी प्राजक्ता आणि टेक्निशियन मी, उरणची. पेशीने साखर किती जाळायची यावर लगाम ठेवणारा एक जीन आहे. अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये तो बऱ्याचदा गप्प झालेला सापडतो. त्याला पुन्हा चालू केलं तर गाठीची वाढ थांबते का, हे आम्ही बघतो.

*

हे मी आईला समजावलं. आई जन्मभर मिठागरात राबलेली. तिने शांतपणे ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून घरात बिनसाखरेचा चहा सुरू! मलासुद्धा! शेवटी मॅडमना फोन लावून दिला. "मावशी, चहातल्या साखरेचा याच्याशी संबंध नाही. खुशाल गोड प्या," मॅडम म्हणाल्या.

फोन ठेवून आई मला म्हणाली, "बघ, शिकलेली बाई कशी पटकन सांगते!"

*

लॅबमध्ये वाढवलेल्या पेशींना सुट्टी कळत नाही. दर दोन-तीन दिवसांनी त्यांचं खाद्य बदलावंच लागतं. प्राजक्ताच्या हळदीला नेमकी मी तापाने फणफणलेली, मॅडम परगावी. दारात डीजे वाजतोय आणि नवरी गायब! अंगाला हळद, वरून लॅबकोट, अशी ती लॅबच्या गेटवर पोचली. वॉचमन खुर्चीतून उठून उभा राहिला.

"काका, घरी पाचशे माणसं जेवतायत," ती म्हणाली. "इथल्यांना उपाशी कशी ठेवू?"

*

जीन चालू केलेल्या पेशींची पहिली प्लेट मी मायक्रोस्कोपखाली ठेवली. शेजारच्या, जीन बंदच ठेवलेल्या प्लेटमध्ये नुसती गर्दी, आणि इथे तुरळक पेशी. वाटलं, माझ्याच हातून काहीतरी चुकलं, मारल्या मी सगळ्या. रडवेली होऊन मॅडमना बोलावलं. त्यांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला, प्लेट इकडेतिकडे सरकवून पाहिली.

"मेल्या नाहीत गं. थांबल्यात!"

पुन्हा तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा थांबल्या! मॅडम प्राजक्ताला म्हणाल्या, "हिच्यासारखं चुकायला शिक!"

*

आगरदांड्याच्या एक काकी. अंडाशयात गाठ, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. काढलेल्या गाठीतला छोटा तुकडा आम्हाला संशोधनासाठी मिळावा, म्हणून मी त्यांची संमती घ्यायला हॉस्पिटलात गेले. फॉर्म वाचून दाखवला. खोटं बोलायचं नसतं, म्हणून स्पष्ट सांगितलं, "काकी, याचा तुम्हाला काही उपयोग होणार नाही. औषध निघालंच, तरी खूप वर्षं लागतील."

काकींनी उशाशी बसलेल्या लेकीचा हात धरला. मग म्हणाल्या, "हिच्या येळेपर्यंत निघल?"

"प्रयत्न तोच आहे."

त्यांनी पेन मागितलं, सावकाश सही केली आणि विचारलं, "तुकडाच का नेतेस? आख्खी गाठ ने की! मला काय तिचं लोणचं घालायचंय?"