खंडेनवमी आणि कापडाचा पंख

जुन्या शिकाऊ विमानांचे पंख कापडाचे असायचे, हे सांगितलं की मित्र आधी हसतात. पण खरंच हो! आत लाकडी फासळ्या, वर सुती कापड, त्यावर डोप नावाचा वार्निशसारखा लेप. तो वाळला की कापड हलगीसारखं ताणलं जातं. टिचकी मारली तर वाजतं.

उचगावात काकांची ट्रकच्या बॉड्या बांधायची शेड हाय, तिथं असला एक पंख आलेला. विमानाच्या मालकाला ते उडवायचं नव्हतं, पहिल्यासारखं करून नुसतं उभं करायचं होतं. कापड मीच चढवलं. सगळं. मालक म्हणालेले, हा पंख पटला तर दुसराही तुमच्याकडं, न्हायतर दोन्ही बंगळूरला. बघायला येणार होते दसऱ्याला, म्हणजे खंडेनवमीच्या दुसऱ्याच दिवशी. माझी धास्ती मात्र खंडेनवमीची.

कारण खंडेनवमीला शेडमधल्या प्रत्येक मशीनला हळदकुंकू, झेंडूचा हार आणि नारळ! पंखाला कुणी हात लावायचा न्हाय, असं मी काकांच्या मागं लागून लागून सांगितलेलं. ते व्हय व्हय म्हणायचे. काकूला सांगायचं तेवढं राहिलं, आणि पूजा तीच करते.

लेथ झाला, ड्रिल झालं. काकू ताट घेऊन पंखाकडं वळली आणि मी तोंड उघडायच्या आत ओल्या कुंकवाचं बोट थेट कापडावर टेकवलं. थिनरनं पुसावं तर डोपच सुटणार. तेवढ्यात काका नारळ घेऊन शेजारच्या ऐरणीपाशी! करवंटीचा एक तुकडा उडाला की कापड गेलंच.

"इथं नारळ नको," मी म्हटलं. जरा मोठ्यानंच.

शेडमधला वेल्डर म्हणाला, "नारळाला भिणारं विमान पहिल्यांदाच बघतोय."

सगळे हसले, काकू सोडून.

"एवढी वर्षं माणसं वर नेऊन सुखरूप खाली आणली ह्यानं," ती म्हणाली. "आन् ह्यालाच नारळ न्हाय व्हय रे?"

ह्या पंखाचा टाका न् टाका मला पाठ होता, पण हे कधी डोक्यात आलं नव्हतं. मग मी आणि वेल्डरनं मधे ताडपत्री धरली, लग्नात अंतरपाट धरतात तशी. त्यानं लगेच मंगलाष्टकाचा सूर लावला. नारळ फुटला आणि एक तुकडा माझ्या नाकासमोरच ताडपत्रीवर थाडकन आदळला. पलीकडं पंख शाबूत.

कुंकू मात्र तसंच राहिलं. रात्रभर झोप न्हाय.

दसऱ्याला मालक आले. सगळ्या पंखावरनं हात फिरवत फिरवत त्या लाल ठिपक्याशी थांबले, अंगठ्यानं दाबून बघितलं. कापड दबलं आणि लगेच वर आलं.

"दुसरा कुठं उतरवायचा?" त्यांनी विचारलं.

काकूनंच हात करून जागा दाखवली.