एकाच पाटावरची खाचरे

नांद्याची वडिलोपार्जित जमीन विकली गेली, तेव्हा धाकट्या बहिणीने आपला वाटा माझ्या हाती सोपवला. ती कोळवणला राहते. पती वारल्यापासून चार भातखाचरे आणि हा वाटा एवढाच तिच्या म्हातारपणाचा आधार. "दादा, तू मास्तर हायेस, तूच बघ," असे ती म्हणाली. पौडच्या शाळेत तीस वर्षे भूगोल शिकवलेल्या माणसाला यापेक्षा धोक्याचे वाक्य ऐकवू नये.

मी अभ्यास केला. सगळे पैसे एकाच देशाच्या बाजारात ठेवू नयेत, हे तत्त्व मला पटले. विकसित देशांतल्या कंपन्या संथ पण सरळ चालतात, विकसनशील देशांतल्या धावतात आणि धडपडतात. दोन्ही एकाच वेळी सहसा पडत नाहीत. शाळेने मोडीत काढलेला जगाचा नकाशा घरी होताच. विकसित देश निळे, विकसनशील देश नारिंगी रंगवले आणि तिचे व माझे पैसे चार फंडांत विभागले: एक अमेरिकेचा, एक युरोप-जपानचा, एक नारिंगी देशांचा आणि एक आपल्या देशाचा. नांद्यात राखलेल्या तुकड्यावर मी दोन खोल्या बांधून हिंजवडीतल्या अभियंत्यांना भाड्याने दिल्या होत्या. तो काही शेअर बाजार नव्हे, म्हणून तिथे रंग दिला नाही.

नकाशा गुंडाळून कोळवणला गेलो आणि बहिणीला सविस्तर समजावले. ती तांदूळ निवडत होती. रंग झ्याक हायेत, एवढेच म्हणाली. वर्गातली अशी शांतता मी आयुष्यभर ऐकली आहे. त्या शांततेला आकलन समजण्याची चूक मी तरी करायला नको होती.

यंदा एकाच आठवड्यात दोन्ही भाडेकरूंनी खोल्या सोडल्या. त्यांच्या अमेरिकन कंपनीने इथले काम बंद केले होते. त्याच आठवड्यात अमेरिकेचा फंड घसरला. मी शांत होतो, कारण आता नारिंगी रंगाने सावरायची वेळ होती. नारिंगी अधिक घसरला. मागोमाग आपला देश. युरोप-जपानने तेवढे थोडेफार धरून ठेवले.

मग मी खरेदीपूर्वी करायचे काम केले: फंडांच्या याद्या वाचल्या. नारिंगी फंडातल्या सर्वांत मोठ्या कंपन्या तैवान-कोरियात संगणकाच्या चिप बनवत होत्या आणि त्यांचे गिऱ्हाईक निळ्या अमेरिकन फंडातल्याच कंपन्या होत्या. देशी फंडातल्या मोठ्या कंपन्याही त्यांचीच कामे करून कमावत होत्या. मी देशांच्या सीमा पाहून वाटणी केली होती. पैशाने भूगोल माझ्याकडून शिकलेला नव्हता.

एसटीने कोळवण गाठले आणि बहिणीला सगळे खरे सांगितले. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"समदी खाचरं एकाच पाटावर घेतलीस व्हय?"

कोळवणात भाताची रोपे दोन जागी टाकतात: काही ओढ्याच्या पाटाखाली, काही वर माळाच्या कडेला, केवळ पावसावर. ओढा आटला किंवा पाट फुटला, तरी एकीकडची रोपे हाती राहतात. ही पद्धत मी स्थानिक शेतीच्या धड्यात दरवर्षी शिकवत असे. परीक्षेत तिला दोन गुण होते.

"आन् नांद्याच्या खोल्या कंच्या रंगात?" तिने विचारले. रंग दिला नव्हता, असे मी सांगितले.

"त्याबी निळ्याच की."

मग ती म्हणाली, तिच्या पैशांतले निम्मे काढून दे. बचत गटाच्या बाया मिळून भात सडायची गिरणी घेणार आहेत. पडत्या बाजारात विकणे म्हणजे तोटा पक्का करणे, हे मी उदाहरणासह सांगितले. शिवाय तिचा तांदूळ विकत नेतात ते आसपासचे फार्महाउसवाले. त्यांच्याही नोकऱ्या बहुतेक हिंजवडीतच, हेही निदर्शनास आणले. तेवढ्यापुरता मी पुन्हा शिक्षक झालो होतो.

"नोकरी गेली म्हून जेवायचं कोन सोडतंय, दादा?"

मी पैसे काढण्याचा अर्ज भरला. उरलेल्या निम्म्याचे काय, असे विचारल्यावर ती सूप उचलत म्हणाली, "ते राहू दे तुज्याकडं. दोन जागी टाकावं."

म्हणजे दोन जागांपैकी एक मी. ओढ्याखालची की माळावरची, हे विचारण्याचे धाडस मला झाले नाही.